सर्वांत पुढच्या गाडीतला इंजिनिअर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप दरवर्षी पावसाबरोबरच येतो. एरवी विषय सुचेपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि मग छापखान्याची घाई होते. यंदा मात्र विषय आपणहून चालत आला.

उत्सवाच्या पहिल्या बैठकीनंतर चहा घेताना आपल्या मंडळाच्या एका सभासदांनी मला बाजूला घेतले. त्यांचा मुलगा या वर्षी सिव्हिल इंजिनिअर झाला. कॉलेजमध्येच एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली आहे. पण पठ्ठ्याने कोणाला न सांगता लष्कराच्या अभियंता पदवीधरांसाठीच्या भरतीचा अर्ज भरला, निवड मंडळाची पाच दिवसांची परीक्षा दिली आणि तो पासही झाला. आता डेहराडूनला जायचे की पुण्या-मुंबईच्या नोकरीला, यावरून घरात दोन तट पडले आहेत. वडिलांचा प्रश्न साधा होता. चार वर्षे घासून मिळवलेली पदवी फौजेत नेऊन करायचे काय? वहिनी तेव्हा तिथे नव्हत्या, पण त्यांचा प्रश्न मला न विचारताही कळला. कारण १९७७ साली हाच प्रश्न आमच्या घरात पडला होता. मी मूळचा खडकीचा. सॅपर्सच्या परेड ग्राउंडच्या कडेने शाळेत जाता जाता तो गणवेश मनात भरला होता. निवडही झाली होती. आई काही बोलली नाही, फक्त दोन दिवस जेवली नाही. मी या दामोदर खोऱ्यात नोकरीला आलो आणि इथलाच झालो. त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हणूनच त्या गृहस्थांना मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही.

घरी येताना मात्र एका माणसाची आठवण झाली. त्याच्या आयुष्याचे शेवटचे पर्व आपल्या या दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनशी जोडलेले होते, आणि पहिले पर्व माझ्या खडकीशी. लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत. मी इथे आलो त्याच्या दोन वर्षे आधीच ते गेले होते, त्यामुळे मी त्यांना पाहिलेले नाही. आडनावामुळे आपल्यातल्या अनेकांना ते मराठी वाटतात. तसे ते नव्हते. जन्म गोरखपूरचा, १४ ऑक्टोबर १९१८ चा. वडील सुरेंद्रसिंग भगत संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, सरकारी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते. आई लहानपणीच गेली.

बाराव्या वर्षी, १९३० मध्ये, डेहराडूनच्या लष्करी शाळेत त्यांचे नाव घातले गेले. तिथून १९३७ साली ते भारतीय लष्करी अकादमीत दाखल झाले. थोर माणसांच्या चरित्रात बालपणापासूनच दिव्य गुण दिसू लागतात, तसे इथे काही झाले नाही. मुलगा हुशार पण निष्काळजी, असे शिक्षकांचे मत होते. टेनिस आणि स्क्वॉशमध्ये मात्र तो अकादमीच्या संघाचा कर्णधार होता. १९३८ च्या सुरुवातीला वडील घोड्यावरून झालेल्या अपघातात गेले. त्यानंतर या पोराने अभ्यासात मान घातली. १५ जुलै १९३९ रोजी सेकंड लेफ्टनंट म्हणून ते इंजिनिअर्समध्ये दाखल झाले. दीड महिन्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि सप्टेंबरमध्ये त्यांची नेमणूक पुण्याला बॉम्बे सॅपर्सच्या २१ फील्ड कंपनीत झाली.

सॅपर म्हणजे काय, हे आपल्या नव्या पिढीसाठी सांगायला हवे. आपली फौज पुढे जावी म्हणून रस्ता करायचा, पूल बांधायचा, शत्रूचे सुरुंग काढायचे. शत्रू पुढे येऊ नये म्हणून पूल उडवायचे, आपले सुरुंग पेरायचे. आणि जिथे फौज थांबेल तिथे पाणी, निवारा, मोऱ्या यांची सोय करायची. म्हणजे आपला सार्वजनिक बांधकाम खात्याचा इंजिनिअर जे करतो तेच, पण गोळीबारात, कमी सामानात आणि कालपर्यंत हवे होते अशा घाईत. खडकीच्या या सॅपर्समध्ये पिढ्यान् पिढ्या मराठे आणि कोकणातली माणसे भरती होत आली.

१९४० च्या शरद ऋतूत ही कंपनी सुदानला पोचली. समोर इटलीच्या ताब्यातला अॅबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. सीमेवर सुदानच्या बाजूला गलाबात नावाचा किल्ला आणि पलीकडे मेतेम्मा. ६ नोव्हेंबर १९४० रोजी दहाव्या भारतीय ब्रिगेडने गलाबातवर हल्ला केला. ब्रिगेडचे प्रमुख होते विल्यम स्लिम, जे पुढे ब्रह्मदेशातल्या चौदाव्या सेनेचे सेनापती म्हणून प्रसिद्ध झाले. किल्ला मिळाला, पण इटालियन विमानांच्या माऱ्यापुढे तो राखता आला नाही आणि मागे यावे लागले. माघारीच्या वेळी रस्त्यातली एक मोरी उडवून शत्रूला अडवण्याचे काम भगतांकडे आले. स्फोटकांचा एक भाग उडालाच नाही, तेव्हा आडोसा सोडून गोळीबारात पुढे धावत जाऊन त्यांनी स्वतः तो उडवला, असे सांगतात. तेव्हा त्यांना बावीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती.

त्यांचे नाव झाले ते मात्र यानंतर तीन महिन्यांनी. ३१ जानेवारी १९४१ च्या रात्री इटालियन सैन्याने मेतेम्मा सोडले आणि ते गोंदारच्या रस्त्याने मागे सरकू लागले. पळणाऱ्या शत्रूला सावरायला वेळ द्यायचा नाही, हा युद्धातला जुना नियम. त्यासाठी गाड्यांचे एक वेगवान पथक पाठलागावर निघाले. इटालियनांनी जाता जाता रस्त्यात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना सुरुंग पेरून ठेवले होते. पथकाच्या पुढे राहून रस्ता मोकळा करायचा, यासाठी सॅपर्सची एक तुकडी दिली गेली आणि तिचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट भगत.

इथे जरा थांबतो, कारण माझ्यातल्या इंजिनिअरला हा भाग महत्त्वाचा वाटतो. आज सुरुंग शोधणारे यंत्र चित्रपटातही दिसते. लांब दांडा, खाली तबकडी, कानाला हेडफोन. पोलंडच्या अधिकाऱ्यांनी बनवलेली ती यंत्रे मोठ्या संख्येने प्रथम वापरली गेली ती १९४२ च्या ऑक्टोबरात, एल अलामीनच्या लढाईत. म्हणजे या पाठलागानंतर जवळजवळ पावणेदोन वर्षांनी. त्याआधी सुरुंग शोधायचा तो डोळ्यांनी, हातांनी आणि डोक्याने. नुकतीच उकरलेली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी दिसते. धुळीवर एखादा ओरखडा असतो, गवताचा पुंजका मुळासकट वाकलेला असतो. संशय आला की बायोनेटचे टोक तिरके ठेवून हलकेच टोचत जायचे. सरळ वरून टोचले तर दाब थेट सुरुंगाच्या झाकणावर पडतो. लोखंडाला टोक लागले की हाताने माती बाजूला करायची आणि उचलण्याआधी खाली काही जोडलेले नाही ना, हे पाहायचे.

पण त्याहून मोठे काम डोक्याचे असते. पंचावन्न मैलांचा रस्ता कोणी टोचत टोचत पार करू शकत नाही, निदान पाठलागात तरी नाही. मग सुरुंग कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. मी शत्रूचा इंजिनिअर असतो, हाताशी मोजके सुरुंग आणि थोडा वेळ असता, तर कुठे पेरले असते? जिथे रस्ता अरुंद होतो, जिथे नाल्याच्या उतारामुळे गाडीला बाजूने जाता येत नाही, जिथे वळणानंतर चालक वेग वाढवतो. सुरुंग काढणाऱ्याला सुरुंग पेरणाऱ्याची विद्या यावी लागते. कॉलेजात आपण ताकद, भार, माती, निचरा असे वेगवेगळे विषय शिकतो. या माणसाला ते सगळे एकाच वेळी, चालत्या गाडीत बसून, समोरच्या रस्त्याकडे पाहत वापरायचे होते. उत्तर चुकले की गुण कमी होणार नव्हते.

चार दिवस हे चालले. पहाट ते संध्याकाळ. भगत सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत, ब्रेन कॅरियरमध्ये, बसत. पंचावन्न मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, या अंतरात त्यांनी पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधली आणि समोर उभे राहून साफ करून घेतली. दोन वेळा त्यांची स्वतःची गाडी सुरुंगावर उडाली. बरोबरची माणसे बळी पडली, ते वाचले. तिसऱ्या वेळी शत्रूने दबा धरून जवळून गोळीबार केला. प्रत्येक वेळी ते उठले आणि दुसऱ्या गाडीत बसून पुढे निघाले. एका स्फोटात कानाचा पडदा फाटला. थकव्याने उभे राहवत नव्हते, तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची तयारी वरिष्ठांनी दाखवली. त्यांनी नकार दिला. नकाराचे कारण शौर्याचे नव्हते, हिशेबाचे होते. आतापर्यंत एवढे सुरुंग पाहिल्यावर हे काम पुरे करायला आपणच अधिक लायक झालो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. नवा माणूस आला असता तर तो पहिल्या सुरुंगापासून शिकला असता, आणि ते शिकणे कोणाच्या तरी जिवावर झाले असते.

माझ्या मते त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. आपल्याकडे ज्ञान वाढले की माणूस साइटवरून ऑफिसात जातो आणि ऑफिसातून मुख्यालयात. मीही तसाच गेलो. इथे ज्ञान वाढले म्हणून माणूस सर्वांत पुढच्या गाडीतच बसून राहिला.

जून १९४१ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय. युद्धाच्या काळातच, १९४२ साली, मोहिनी भंडारी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विषय निघालाच आहे तर आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. भगत जन्मले त्याच १९१८ साली कारवारजवळच्या चेंडिया गावात रामा राघोबा राणे जन्मले. जुलै १९४० मध्ये ते साधे शिपाई म्हणून याच बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि चढत चढत अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर, पहिल्याच दिवशी मांडीला जखम होऊनही, चार दिवस सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र हयातीत मिळवणारे ते पहिले. सात वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या खंडांत, एकाच खडकीच्या दोन माणसांनी जवळजवळ तेच काम केले. एक इंजिनिअरचा मुलगा, अकादमीतून आलेला, दुसरा शिपायापासून वर आलेला. रस्त्यावरच्या सुरुंगाला दोघांतला फरक कळणार नव्हता. पदवीचा अभिमान असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

पुढची तीस वर्षे मी भराभर सांगतो. युद्धानंतर ब्रिटनमधल्या कॅंबर्लेच्या स्टाफ कॉलेजचे शिक्षण, मग वेलिंग्टनच्या आपल्या स्टाफ कॉलेजात अध्यापन, पायदळाच्या ब्रिगेडचे नेतृत्व, १९५९ पासून लष्करी गुप्तवार्ता विभागाचे संचालकपद. सॅपर अधिकाऱ्याने जन्मभर पूलच बांधावेत असे नसते, हे यावरून दिसते. पाया इंजिनिअरचा, पण इमारत कितीही वर नेता येते.

१९६२ च्या चीन युद्धात आपला पराभव झाला, तेव्हा त्याची लष्करी कारणे शोधण्यासाठी दोन अधिकारी नेमले गेले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडिअर भगत. त्यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. सरकारने तो आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, त्याचा काही भाग २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने उघड केला. तो राजकारणाचा विषय आहे, स्मरणिकेचा नाही. मला दिसते ते एवढेच की कोसळलेल्या पुलाची चौकशी करताना कोणाचा जावई ठेकेदार होता हे पाहून चालत नाही, कोणता खांब कधी आणि का खचला तेच लिहावे लागते. असे अहवाल लिहिणारा माणूस कोणालाच फार आवडत नाही. आपल्यापैकी ज्यांनी खात्यातल्या अपघातांच्या चौकशा केल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९७० मध्ये ते लखनौला मध्य कमांडचे प्रमुख झाले. पुढच्या वर्षी गोमतीला मोठा पूर आला आणि शहर पाण्यात जाऊ लागले, तेव्हा बांध राखायला फौज उतरली. तीस वर्षांपूर्वी अॅबिसिनियातल्या रस्त्यावर काम केलेल्या सॅपरला मातीचा बांध नवा नव्हता. मग बांगलादेशचे युद्ध झाले, आणि जून १९७२ मध्ये नव्याने उभारलेल्या उत्तर कमांडचे पहिले प्रमुख म्हणून त्यांना उधमपूरला पाठवले गेले.

तिथे त्यांच्या वाट्याला आलेले काम कागदावरचे होते, पण सोपे नव्हते. सिमला करारानुसार जम्मू-काश्मीरमधली नियंत्रण रेषा नकाशावर आखायची होती. भारताच्या बाजूने भगत, पाकिस्तानच्या बाजूने लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान. महिनोन् महिने सुचेतगढला बैठका चालल्या. ठाकोचक नावाच्या एका चिमुकल्या गावावरून तर सगळेच अडून बसले. अखेर ११ डिसेंबर १९७२ रोजी दोघांनी नकाशांवर सह्या केल्या. सत्तावीस नकाशे जोडून तयार केलेले एकोणीस संच, दक्षिणेच्या मनावरपासून उत्तरेच्या एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत. जमिनीची पाहणी केलेल्या माणसाला ठाऊक असते की नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर एखाद्याचे शेत किंवा विहीर ओलांडते. या माणसाने एकेकाळी प्रत्येक फूट जमीन स्वतः टोचून पाहिली होती.

लष्करप्रमुखपद त्यांना मिळेल असे अनेकांना वाटत होते. १९७३ च्या जानेवारीत जनरल माणेकशॉ निवृत्त झाले आणि जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर प्रमुख झाले. बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि त्या काळात भगत निवृत्त झाले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ते उगाळण्यात रस नाही. मला त्यानंतरच्या दहा महिन्यांत रस आहे.

जुलै १९७४ मध्ये ते दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचे अध्यक्ष म्हणून कलकत्त्याला आले. आपल्या मुलांना तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही सहलीची ठिकाणे वाटतात. १९५३ ते १९५९ या सात वर्षांत ही चार धरणे उभी राहिली, आणि त्यांच्या जोडीला बोकारो, दुर्गापूर, चंद्रपुरा ही औष्णिक वीज केंद्रे. पण सत्तरच्या दशकाच्या मध्याला इथली घडी विस्कटली होती. संच बंद पडत, दुरुस्त्या लांबत, कामगारांचे तंटे मिटत नसत, आणि कलकत्ता अंधारात बसे. एका निवृत्त जनरलला विजेतले काय कळणार, ही शंका तेव्हाही काढली गेली असणारच. पण बंद पडलेला संच आणि सुरुंग पेरलेला रस्ता यांत त्यांना कदाचित फारसा फरक वाटला नसेल. दोन्हीकडे अडथळा नेमका कुठे आहे ते आधी स्वतः जाऊन पाहावे लागते. त्यांच्या कारकिर्दीत वीजनिर्मिती चांगलीच वाढली, हे आमच्या वेळचे जुने लोकही मान्य करत. मी रुजू झालो तेव्हा खात्यात काही अडले की भगतसाहेबांच्या काळात असे नव्हते, हे वाक्य हमखास कानावर पडे. आम्ही नवी पोरे वैतागायचो. प्रत्येक खात्यात असा एक गेलेला साहेब असतोच, अशी आमची समजूत होती.

२३ मे १९७५ रोजी कलकत्त्यात औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने त्यांचा मृत्यू झाला. वय होते छप्पन्न. दोन वेळा सुरुंगावरून उठलेला माणूस एका औषधाने गेला.

हे सगळे मी त्या गृहस्थांना गेल्या रविवारी सांगितले. वहिनीही बसल्या होत्या. मुलगा आतल्या खोलीत होता, पण दार उघडे होते. पदवीचे काय होते, एवढे मी सांगू शकलो. वहिनींच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आहे असे मी भासवलेही नाही. त्या कॅरियरमध्ये भगतांच्या शेजारी बसलेले जे परत आले नाहीत, त्यांच्याही आया होत्या. ते मी मुद्दाम सांगितले, कारण १९७७ साली मला कोणी असे समोर बसून सांगितले नव्हते. नुसते ताट बाजूला सरकवले गेले होते.

वहिनी उठल्या आणि त्यांनी मुलाला बाहेर बोलावले. मग आम्ही चौघांनी चहा घेतला. डेहराडूनला कळवायची मुदत चतुर्थीच्या आधी संपते. तेव्हा हा अंक तुमच्या हाती पडेल त्या वेळी त्या घरात काय ठरले, हे आरतीला आलेल्या सर्वांना माझ्याआधी कळलेले असेल. मी दहा दिवस प्रसादाच्या टेबलापाशीच आहे.